वाचक विचारतात : दिवेलागणीला उपग्रहांचे संदेश का अडखळतात?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : सूर्यावरची वादळं आणि उपग्रहांच्या भरवशावर चालणारी आपली यंत्रं. पहिल्या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. त्याचं उत्तर नीट उमगलं की पुढची बरीचशी उत्तरं वाचकांना स्वतःलाच सुचतील.

प्रश्न : मॅडम, मी रस्त्यांच्या कामांसाठी मोजणी करतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी उभं राहवत नाही, म्हणून चारनंतर काम सुरू करतो आणि दिवे लावून रात्री दहापर्यंत रेटतो. साडेसात-आठ वाजले की रोव्हरचा, म्हणजे सोबत फिरवायच्या जीपीएस यंत्राचा, फिक्स (सेंटिमीटरपर्यंत पक्की जागा) जातो, फ्लोट (नुसती अंदाजी जागा) येतो, पुन्हा फिक्स, पुन्हा फ्लोट. बेस, म्हणजे एका जागी ठेवलेलं जोडीचं यंत्र, तीन किलोमीटरवर, आकाश मोकळं, जवळ झाड नाही की पत्र्याची शेड नाही. यंत्र विकणारा म्हणतो, सूर्यावर चुंबकीय वादळ झालं असेल. पण ते रोज संध्याकाळीच कसं होईल? (एक सर्वेक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. वादळ रोज होत नाही, आणि तुमचा फिक्स घालवायला वादळ लागतही नाही. आपण पृथ्वीच्या ज्या पट्ट्यात राहतो, तिथलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा भाग, अगदी शांत दिवशीही सूर्यास्तानंतर खवळतं. महाराष्ट्रात उपग्रहाचा संदेश बिघडला तर आधी घड्याळ बघावं, मग महिना बघावा आणि सूर्यावरच्या वादळाकडे सगळ्यात शेवटी बोट दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. ते का, ते सांगते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या संदेशाचा बहुतेक प्रवास जवळजवळ मोकळ्या अवकाशातून होतो, आणि शेवटच्या हजारेक किलोमीटरमध्ये तो आयनांबरात शिरतो. तिथे सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी विरळ हवेच्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन मोकळे केलेले असतात. सर्वांत दाट थर साधारण ३०० ते ४०० किलोमीटरवर असतो, त्याला एफ थर म्हणतात. हे मोकळे इलेक्ट्रॉन संदेशाला उशीर करतात. वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन भेटले आणि संदेशाची वारंवारता किती, या दोन गोष्टींवर तो उशीर ठरतो. वारंवारता दुप्पट केली तर उशीर चौथ्या हिश्शावर येतो. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो. सूर्य जोरात असलेल्या वर्षी भर दुपारी आपल्याकडे आयनांबर या संदेशात दहा-पंधरा मीटरची चूक घालू शकतं. उपग्रह क्षितिजाकडे झुकलेला असेल तर त्याहून बरीच जास्त.

ही चूक मोठी असली तरी तुमच्या रोव्हरला ती भारी पडत नाही. एक तर तो दोन किंवा तीन वारंवारतांवर ऐकतो. दोन्हींना झालेल्या उशिरातला फरक मोजला की आयनांबराचा वाटा काढून टाकता येतो. दुसरं म्हणजे तुमचा बेस तीन किलोमीटरवर आहे. दोघांच्याही डोक्यावर जवळजवळ तेच आयनांबर, म्हणून वजाबाकीत चूक निघून जाते. उरतं ते लहरींची मोजदाद करण्याचं काम. मुख्य संदेशाची एक लहर १९ सेंटिमीटरची. उपग्रहापासून रोव्हरपर्यंत अशा पूर्ण लहरी नेमक्या किती, हे यंत्राला कळलं की फिक्स मिळतो आणि सेंटिमीटरचा हिशेब लागतो. अट एकच, मोजणी मध्ये तुटता कामा नये. संध्याकाळी नेमकी तीच तुटते.

आता तुटते का, ते बघू. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून, थुंबा आणि तिरुनेलवेलीच्या परिसरातून जातं. २१ नोव्हेंबर १९६३ ला भारताच्या भूमीवरून पहिलं संशोधन-अग्निबाण थुंब्यातून सोडलं गेलं, ते याच विषुववृत्तावरचं आकाश तपासण्यासाठी. दिवसा तिथे पूर्व दिशेचं विद्युतक्षेत्र असतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी त्याची गाठ पडते आणि आयनांबरातला प्लाझ्मा, म्हणजे ते मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन, वर उचलला जातो. उंच गेलेला प्लाझ्मा चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरतो आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पंधराएक अंशांवर साठतो. भारतात ही रास अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता यांच्या आसपासच्या पट्ट्यात येते. दक्षिणेकडे खळगा, उत्तरेकडे रास, आणि महाराष्ट्र मधल्या उतारावर. तुमचा रोव्हर एकाच क्षणी दक्षिणेकडच्या एका उपग्रहाला ऐकतो आणि उत्तरेकडच्या दुसऱ्याला, तेव्हा दोन्ही वाटांवरच्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत मोठा फरक असतो. युरोपात किंवा अमेरिकेच्या मध्यभागी साध्या दिवशी एवढा उतार नसतो. तिथे बनलेली सूत्रं आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत, ती याच कारणामुळे.

सूर्य मावळताना मात्र वेगळंच घडतं. खालच्या थरांतले इलेक्ट्रॉन आणि आयन झपाट्यानं पुन्हा एकत्र येतात, तो भाग रिता होतो. त्याच सुमारास ते पूर्व दिशेचं विद्युतक्षेत्र उलटण्याआधी थोडा वेळ जोर धरतं आणि एफ थराला आणखी वर ढकलतं. वर दाट प्लाझ्मा, खाली विरळ, अशी उलटी मांडणी होते. पाण्याखाली तेल कोंडून ठेवलं तर ते जसं फट शोधत वर उसळतं, तसा खालचा विरळ भाग बुडबुड्यांच्या रूपानं दाट थरातून वर घुसतो. यांना प्लाझ्मा बुडबुडे म्हणतात. ते शेकडो किलोमीटर चढतात, काही तर हजार किलोमीटरच्या वर जातात. बुडबुडा चुंबकीय रेषांना धरून पसरतो, म्हणून विषुववृत्तावर तो जितका उंच जाईल तितका उत्तरेकडे आपल्या बाजूला लांबतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी कोल्हापूर आणि पन्हाळ्याहून हे बुडबुडे कॅमेऱ्यात टिपले आहेत. चांदणं नसलेल्या स्वच्छ रात्री वरच्या हवेतला ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा अगदी मंद लाल प्रकाश देतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्या लाल पार्श्वभूमीवर उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. पट्ट्यात प्लाझ्मा विरळ, म्हणून प्रकाशही कमी. तुमच्या रोव्हरच्या वाटेत आलेला अडथळा म्हणजे हाच पट्टा.

बुडबुड्याच्या कडा एकसारख्या नसतात. त्यांत लहानमोठ्या गाठी असतात, आणि त्यांपैकी साधारण तीन-चारशे मीटरच्या गाठी जीपीएसच्या संदेशाला सर्वांत जास्त छळतात. संदेश त्यांतून जाताना विखुरतो, त्याचे तुकडे जमिनीवर एकमेकांत मिसळतात, कुठे बळकट होतात तर कुठे एकमेकांना मारतात. हवेमुळे तारे लुकलुकतात, तसंच हे रेडिओच्या लहरींचं लुकलुकणं. सौरचक्राच्या, म्हणजे सूर्याच्या चढउताराच्या फेऱ्याच्या, जोराच्या वर्षांत आपल्या पट्ट्यात संदेशाची ताकद क्षणात २० डेसिबलने, म्हणजे शंभराव्या हिश्शावर, उतरू शकते आणि लगेच परत येते. तेवढ्यात लहरींची मोजदाद तुटते. यंत्र पुन्हा मोजायला बसतं, म्हणून फ्लोट. मोजून होतं, म्हणून फिक्स. तोवर दुसऱ्या उपग्रहाच्या वाटेत पट्टा सरकलेला असतो.

मार्च-एप्रिलमध्येच हे का जाणवावं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. भारतात चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून फारशी ढळत नाही. म्हणून विषुवदिनांच्या आसपास सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेषांना जवळजवळ समांतर येते. एका रेषेच्या दोन्ही टोकांशी अंधार एकदमच पडतो आणि एफ थराला मिळणारा तो शेवटचा धक्का जोरदार होतो. म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यात सध्याचं पंचविसावं सौरचक्र २०२४ च्या सुमारास ऐन भरात होतं. जोराच्या आणि त्याला लागून येणाऱ्या वर्षांत बुडबुड्यांचा हंगामही जोराचा असतो. सूर्य थंडावला की हे कमी होईल.

मग चुंबकीय वादळाचा वाटा किती? तोही वेळेवर ठरतो. वादळाचा मुख्य जोर आपल्याकडे सूर्यास्ताच्या सुमारास आला तर ध्रुवांकडून थेट घुसणारं विद्युतक्षेत्र एफ थराला आणखी उचलतं आणि बुडबुडे दूरवर पोचतात. तोच जोर दुपारी येऊन गेला तर संध्याकाळपर्यंत वरच्या हवेचे वारे फिरलेले असतात, विद्युतक्षेत्र दबतं आणि त्या रात्री बुडबुडे उठतच नाहीत, असंही पुष्कळदा होतं. वादळाच्या दिवशी तुम्हाला रात्रभर स्वच्छ फिक्स मिळाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आणखी एक प्रकार असतो : जोर मध्यरात्रीनंतर आला तर एरवी शांत असणाऱ्या पहाटेच्या वेळी गडबड होते.

तुमच्या बाबतीत दोष आयनांबराचाच आहे ना, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. जीपीएसचे उपग्रह आकाशात त्याच जागी रोज सुमारे चार मिनिटं आधी येतात. भिंतीवरून, पत्र्यावरून, डंपरवरून परतलेल्या लहरींमुळे फिक्स जात असेल तर त्याच बिंदूवर ती गडबड रोज चार मिनिटं आधी, त्याच क्रमानं दिसेल. बुडबुडे असं वेळापत्रक पाळत नाहीत. एका रात्री येतील, दुसऱ्या रात्री नाही. त्याबरोबर मोबाईलवरून येणारं करेक्शन, म्हणजे बेसकडची दुरुस्तीची माहिती, तुटतंय का, तेही बघा. तो दोष कित्येकदा आकाशाच्या माथी मारला जातो.

आणि काम कसं करायचं, तर महत्त्वाचे बिंदू सकाळी घ्या. हंगामात साडेसात ते मध्यरात्र या वेळात फिक्सवर एकदम विश्वास ठेवू नका. ओळखीच्या खांबावर परत जाऊन तपासा. नवा फिक्स मिळाल्यावर बिंदू पुन्हा घ्या, दोन्ही जुळले तरच वहीत लिहा. यंत्रात जीपीएसबरोबर गॅलिलिओ, ग्लोनास, नाविक असे जितके उपग्रह चालू करता येतील तितके करा. पट्टा एका वेळी आकाशाचा काही भागच झाकतो, बाकीचे उपग्रह तुम्हाला तारून नेतात. संध्याकाळचा उरलेला वेळ टोटल स्टेशनला, म्हणजे प्रकाशकिरणानं अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राला, द्या. त्याचा आयनांबराशी काही संबंध नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत आयोवामध्ये राहते. १० मे २०२४ ला, ऐन मका पेरणीत, आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा जीपीएसवर चालणारा ट्रॅक्टर ओळ सोडू लागला. शेवटी त्यानं काम थांबवलं. त्याच दिवशी लातूरला भावाशी बोलले, तर त्याला काही कळलंही नव्हतं. वादळ सगळ्या पृथ्वीवर असतं ना? (एक वाचक, आयोवा)

उत्तर : वादळ सगळ्या पृथ्वीला वेढतं, पण प्रत्येक गावाला ते वेगळ्या प्रहरी गाठतं. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चुंबकीय वादळ आयनांबरात जन्मत नाही. सूर्याच्या किरीटातून, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, सुटलेला प्लाझ्माचा लोट पृथ्वीच्या चुंबकांबरावर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचावर, आदळतो. लोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर चुंबकांबराचं दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. पृथ्वीभोवती काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर विजेचा वलयप्रवाह वाढतो आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र खाली येतं. याला चुंबकीय वादळ म्हणायचं. आयनांबरातली उलथापालथ हा त्याचा परिणाम.

१० मे २०२४ ला पहिला धक्का जागतिक वेळेनुसार १७ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास बसला. आयोवात तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते, लातूरला रात्रीचे साडेदहा. तुमच्या शेतकऱ्याची दुपारपासूनची सगळी कामाची वेळ वादळात गेली. आपल्याकडे शेतकरी झोपले होते, आणि सेंटिमीटरच्या हिशेबानं चालणारे ट्रॅक्टरही आपल्याकडे विरळाच. जी-१ ते जी-५ अशा मोजपट्टीवर ते वादळ जी-५ ला पोचलं. ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच. अवकाश-हवामानाच्या अभ्यासक जेनिफर गॅनन यांचं त्याच सुमारास निधन झालं, म्हणून शास्त्रज्ञ या वादळाला गॅनन वादळ म्हणतात.

अमेरिकेच्या मध्यभागावरचं आयनांबर एरवी सरळ वागतं, आणि तिथली यंत्रणा त्याच सवयीवर उभी आहे. वादळात दाट प्लाझ्माचे लांब पट्टे दक्षिणेकडून वर चढतात, ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा खाली सरकतो, आणि बेस व ट्रॅक्टर यांच्या डोक्यावरचं आयनांबर एकसारखं राहत नाही. सोलापूरच्या पत्रातली वजाबाकी मग तिथेही बिघडते.

२००३ चं उदाहरण याहून बोलकं आहे. त्या वर्षी २९ आणि ३० ऑक्टोबरला अमेरिकेच्या विमानांना उतरताना उंची सांगणारी जीपीएस-सुधारणा सेवा पहिल्या दिवशी सुमारे पंधरा तास आणि दुसऱ्या दिवशी सुमारे अकरा तास भरवशाची राहिली नाही. यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते : त्या यंत्रणेनं चुकीची उंची सांगितली नाही. आपली चूक मर्यादेबाहेर जाते आहे हे तिनं ओळखलं आणि उंची सांगणं थांबवलं. आपल्या देशात इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली गगन ही यंत्रणा तेच काम करते. २०१५ मध्ये तिला उतरतानाच्या उभ्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली. इतक्या खवळत्या विषुववृत्तीय आयनांबराखाली असं प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली यंत्रणा. भारतासाठी आयनांबराचं स्वतंत्र प्रतिमान बसवावं लागलं. त्या कामाचं आपण पुरेसं कौतुक केलेलं नाही, असं मला वाटतं.

तुमच्या भावाला कळलं नाही, पण भारतानं त्या रात्री वादळ पाहिलं. लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा लाल प्रकाश टिपला. तो रंग त्याच ६३० नॅनोमीटरच्या ऑक्सिजनचा.

प्रश्न : ताई, आमची बोट रेवदंड्याची. रात्री कधी कधी जीपीएसवरची बोट उडी मारते, जागेवर असताना चालल्यासारखी दिसते. वादळाच्या दिवशी वायरलेस पण बंद पडेल का? संकटात बटण दाबलं आणि पोचलंच नाही तर? (एक तांडेल)

उत्तर : वायरलेसची काळजी सोडा. बोटीवरचा व्हीएचएफ संच १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, पण तो बोटीकडून बोटीकडे किंवा किनाऱ्याकडे सरळ जातो, आयनांबरात जातच नाही. संकटात हाक द्यायचं चॅनेल १६ वादळातही तसंच चालेल.

जीपीएसची उडी खरी आहे. साधा संच एकाच वारंवारतेवर चालतो, उशिराचा अंदाज ठरलेल्या सूत्रानं लावतो. संध्याकाळी ते सूत्र चुकतं, आणि त्यात दोन-तीन उपग्रह एकदम हरवले तर जागा काही मीटर, कधी काही दहा मीटर सरकते. खोल समुद्रात याचं काही वाटत नाही. खाडीच्या तोंडाशी, खडकाजवळ, रात्री मात्र हीच चूक जीव घेईल. आत शिरताना फक्त पडद्यावरच्या रेषेवर बोट नेऊ नका. कोर्लईचा दीप, पाण्याची खोली आणि होकायंत्र, तिन्ही जुळवून या. हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेलंच आहे, ते सोडू नका.

संकटाच्या बटणाबद्दल : ४०६ मेगाहर्ट्झवरचा बीकन उपग्रहाकडे आयनांबरातूनच जातो, आणि इतक्या कमी वारंवारतेवर लुकलुकणं जीपीएसपेक्षा जास्त असतं. पण बीकन एकदाच बोलून गप्प बसत नाही. साधारण दर पन्नास सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची हाक देत राहतो. एखादी हाक बुडाली तरी पुढची पोचते. म्हणून एकदा सुरू केला की मदत येईपर्यंत बंद करू नका, आकाश मोकळं दिसेल असा ठेवा. ‘गेलं की नाही’ म्हणून बंद-चालू करत बसलात तर तेवढ्या हाका वाया जातील.

कमी वारंवारतेवर काय घडतं, याचं एक गंभीर उदाहरण अफगाणिस्तानातलं आहे. ४ मार्च २००२ ला ताकुर घर या डोंगरावर उतरू पाहणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या हेलिकॉप्टरला धोक्याचा इशारा उपग्रहामार्फत वेळेत पोचला नाही. सैनिक मारले गेले. २०१४ मध्ये संशोधकांनी त्या वेळच्या उपग्रह-नोंदी तपासल्या आणि वाटेत प्लाझ्मा बुडबुडा असावा, संदेश तुटण्यात त्याचा हात असावा, असं मांडलं. महिना पाहा : मार्च.

प्रश्न : ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, वैश्विक किरण येणार आहेत’ असा निरोप दरवर्षी फिरतो. मे २०२४ नंतर तर भीतीच वाटते. (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : मोबाईल बंद ठेवण्याचं काहीही कारण नाही. मोबाईल जवळच्या टॉवरशी बोलतो, मधे आयनांबर येत नाही. चुंबकीय वादळ माणसाच्या शरीराला जमिनीवर इजा करत नाही, आपल्यावर जाड वातावरण आहे. तो निरोप खोटा आहे, पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांना हे उत्तर वाचायला द्या. घाबरून फोन बंद केला आणि रात्री घरातल्या आजारी माणसासाठी कुणाला बोलावता आलं नाही, तर खरी इजा तिथे होईल.

प्रश्न : आमच्या घरच्या डिशचं चित्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाच-सहा दिवस, रोज पावणेबाराच्या सुमारास काही मिनिटं जातं. पावसातही जातं. चुंबकीय वादळ? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : दोन्ही वेळा नाही. डिशचा संदेश १२ गिगाहर्ट्झच्या जवळपास असतो. त्यावर आयनांबराचा उशीर जीपीएसच्या सुमारे साठाव्या हिश्शाइतका उरतो, चित्र जाण्याशी त्याचा संबंध नाही. पावसाचे थेंब मात्र ही वारंवारता शोषतात. ऑक्टोबरमध्ये, आणि तसंच मार्चमध्ये, काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. डिश सूर्यालाच ऐकू लागते, त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रह बुडतो. काही मिनिटांत सूर्य सरकतो आणि चित्र परत येतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. १८५९ चं सर्वांत मोठं वादळ मुंबईत मोजलं गेलं, हे खरं का? आणि मला घरून काही बघता येईल का? (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : अगदी खरं. मी अलिबागची, त्यामुळे हे सांगायला मला विशेष आनंद होतो. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. माणसं रात्रंदिवस, पाळीपाळीनं, चुंबकाची जागा वाचून वहीत लिहीत. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पांढऱ्या प्रकाशाची ज्वाला पाहिली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी लोट पृथ्वीवर पोचला, तेव्हा मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या वहीत क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे या क्षेत्राचं माप) घसरल्याची नोंद आहे. आज अलिबागला हे क्षेत्र साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतं, त्यावरून घसरण किती मोठी होती ते बघ. युरोपातल्या वेधशाळांत ध्रुवीय प्रकाशाबरोबरचे प्रवाह मोजमापात मिसळले होते. कुलाबा त्यांपासून दूर, म्हणून ती नोंद इतकी मोलाची. २००३ मध्ये ती भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून जगापुढे आणली.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहानं नोंदी नासतील हे नानाभाई मूस यांनी ओळखलं. ते कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक. अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधली, १९०४ मध्ये ती सुरू झाली, आणि दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकत्र नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडता यावी. ट्राम त्यानंतर धावल्या. ही मालिका आजही अखंड चालू आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपलं आदित्य एल-१ यान आता सूर्याचा लोट आधी हेरण्याच्या कामी आहे. २०२३ मध्ये ते उडालं, तारीख २ सप्टेंबर.

घरून काय बघता येईल, तर बरंच काही. मी गच्चीवर हवामान उपग्रहांचे १३७ मेगाहर्ट्झवरचे संदेश ऐकत असे. रात्रीच्या फेरीत उपग्रह दक्षिणेकडे गेला की हंगामात आवाज थरथरायचा, चित्रात खरखरीचे पट्टे उमटायचे. तुला एवढं सामान लागणार नाही. अँड्रॉइड फोनवर उपग्रहांची यादी आणि प्रत्येकाच्या संदेशाची ताकद दाखवणारी मोफत ॲप मिळतात. फोन गच्चीवर एकाच जागी, एकाच बाजूला वळवून ठेव. मार्च आणि एप्रिलमध्ये रोज रात्री आठ ते दहा आणि सकाळी आठ ते दहा नोंद कर. फोनमध्ये नोंद साठवायची सोय असेल तर तीच वापर. दक्षिणेकडच्या उपग्रहांची ताकद रात्री काही सेकंदांत वरखाली होते का, सकाळी तशी होते का, ते बघ. जूनमध्येही दहा दिवस कर, तेव्हा फरक कळेल. अलिबागच्या नोंदींवरून शांत दिवस कोणते, वादळाचे कोणते, हेही शेजारी लिही.

सोलापूरच्या सर्वेक्षकांनाही हीच विनंती करते. तुमच्या रोव्हरच्या फायली पुसू नका. तारीख, वेळ, कोणता उपग्रह, आकाशात कुठे आणि फिक्स कधी गेला, एवढं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. परभणी आणि सोलापूर यांच्या अक्षांशांत सुमारे दीड अंशाचा फरक आहे. बुडबुडा एका रात्री दोन्हीकडे पोचला की फक्त सोलापूरपर्यंत, हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर दिसू शकेल. ऑक्टोबरच्या हंगामानंतर आलेल्या नोंदी याच सदरात छापू.